आधी पंखा, मग एसएसडी

प्रश्न : मी घरीच डीटीपीचं काम करते. २००९ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे : कोअर टू डुओ, जी३१ मदरबोर्ड, ३२० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. थंडीत नीट चालला. एप्रिलपासून दुपारी अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. लगेच सुरू केला तर पाच मिनिटंही टिकत नाही. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरती तबकडी नसलेला, चिपवर माहिती ठेवणारा ड्राइव्ह) टाका, सगळं सुटेल. पत्रिकांच्या फाँटचं जुनं पॅकेज नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून संगणक बदलता येत नाही. काय करू?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : ताई, एसएसडी घ्याच, पण बंद पडण्यावरचं औषध म्हणून नको. निदान तुमच्या पत्रातच आहे. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला की जळू नये म्हणून संगणक बंद होतो. प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरचा पंखा खोलीतलीच हवा मारतो. बार्शीत खोलीच चाळिशीला टेकली की तो बिचारा काय करणार? त्यात इतक्या वर्षांची धूळ.

खात्री करायची तर बंद पडल्यावर लगेच सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये जा. ‘पीसी हेल्थ’ पानावर तापमान दिसतं. काही काम चालू नसताना ते सत्तरच्या वर आणि चढतं असेल, तर संशय मिटला.

प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. मी एकदा धरली नव्हती. पंखा भोवऱ्यासारखा फिरला, गंमत वाटली, आणि दोन दिवसांत घरघरायला लागला. नवा पंखा माझ्या खिशातून गेला.

पण या पिढीच्या मशीनमध्ये धुळीपेक्षा माझा संशय कूलरच्या चार प्लॅस्टिक खिळ्यांवर असतो. एखादा निसटतो, कूलर एका कोपऱ्यात उचलला जातो आणि वरून सगळं ठीक दिसतं. हलवून बघा, डुगडुगला तर चोर सापडला. कूलरखालची, प्रोसेसरची उष्णता त्याच्याकडे नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झाली असेल. ती पुसून काढा आणि तुरीच्या डाळीएवढी नवी लावा. थापल्याने जास्त थंड होत नाही. खिळे बसवताना तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले जोडीने दाबा. चारही वेळा ‘कट्’ आवाज यायला हवा. बोर्ड जरासा वाकेल, घाबरू नका.

आठवडाभर दुपारी चालला, मग एसएसडी. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद. शेकडो फाँट उघडताना तेच साचत जातं. तुमच्या बोर्डाचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) सेकंदाला ३ गिगाबिटचे, तेव्हा महागडी नको. साधी अडीच इंची साटा पुरे. फक्त २४० नको, ४८० जीबी घ्या, म्हणजे क्लोन करण्याआधी (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवण्याआधी) पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, लहान करायची कटकट नाही. एसएमपीएसला (आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची वायर कमी पडली, तर जुन्या मोलेक्स जोडणीवरून साटा देणारा कन्व्हर्टर घेताना ओतीव प्लॅस्टिकच्या टोकाचा घेऊ नका. तो आतून शॉर्ट होऊन जळालेला मी पाहिलाय.

क्लोनआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने जुनी डिस्क तपासा. पिवळा ‘कॉशन’ दिसला तर बाकी सगळं सोडून आधी पत्रिकांच्या फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. पॅकेज डोंगलवर (संगणकाला लावायच्या किल्लीवर) चालत असेल तर प्रश्न नाही. हार्ड डिस्कच्या क्रमांकाला बांधलेलं असेल तर नव्या ड्राइव्हवर ते उघडणार नाही. म्हणून क्लोन झाल्यावर पहिलं ते उघडून एक पत्रिका छापून बघा. जुनी डिस्क पुसू नका. तारीख लिहून लग्नसराई उलटेपर्यंत कपाटात ठेवा.