एमजीबी घेताना आधी फाइल मागा

तुम्ही जी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायचं म्हणताय तिचे फोटो पाहिले. रंग सुरेख आहे, पण त्यावर भाळू नका. एमजीबीला वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही. तिची बरीचशी ताकद सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये, असते. त्या आतून गंजतात आणि वरून पत्रा वेल्ड करून रंग मारला की बाहेरून काही कळत नाही. गाडी जॅकवर उचलून दाराच्या फटीकडे बघा. फट आवळली किंवा दार अडकलं तर तिथूनच परत फिरा. माझ्या पहिल्या गाडीच्या दोन्ही सिल कापून काढाव्या लागल्या, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

मग कागद. या गाड्या १९६२ ते १९८० इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात बनल्या. तिकडच्याच गेडनच्या मोटार संग्रहालयातून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. मूळ रंग, इंजिन नंबर आणि गाडी कुठल्या बाजारात गेली, हे त्यावरून कळतं. खूप गाड्या अमेरिकेत गेल्या आणि पुढे काही परत आल्या, तेव्हा स्टिअरिंगची बाजू बदलली आहे का तेही विचारा.

१९८८ पासून नवी बॉडीशेलही (गाडीचा पत्र्याचा अख्खा सांगाडा) मिळते. ती बसवली असेल तर त्यात कमीपणा नाही, फक्त कामाचे फोटो आणि बिलं हवीत.