वाचक विचारतात : फाईली तर चढल्या, मग साईट काऊन दिसत नाही?

मागच्या अंकात मी लिहून बसलो की चार-पाच पानांच्या साध्या वेबसाईटसाठी कोणाला हजारो रुपये द्यायची गरज नाही, पानं बनवा, होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) घ्या आणि फाईलझिला नावाच्या, फाईली पाठवायच्या सॉफ्टवेअरनं सर्व्हरवर, म्हणजे होस्टिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर, चढवून टाका. त्या 'चढवून टाका' वरच महिनाभर मेसेज येऊन राहिले. बरोबर आहे, दोन शब्दांत उरकायची गोष्ट नव्हतीच ती. सारखे सारखे आलेले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न : आमचा दहा-बारा संत्रावाल्या कास्तकारांचा गट आहे. आंबिया बहाराचा माल सरळ गिऱ्हाईकाले विकायचा म्हणून पोरानं पाच पानं बनवली. फाईलझिलानं सगळं पाठवलं, खाली ४३ फाईली सक्सेसफुल, एक बी फेल नाही. पण साईट उघडली की तेच जुनं 'लवकरच येत आहोत' वालं पान. दोनदा पुसून पुन्हा चढवलं, तरी तेच. होस्टिंगवाला म्हणते आमच्याकडून सगळं बरोबर आहे. आता काय करावं भाऊ?
— एक कास्तकार, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, होस्टिंगवाला खोटं बोलत नाही आणि फाईलझिला पण नाही. ४३ च्या ४३ फाईली पोचल्या, फक्त भलत्या घरी उतरल्या असं दिसतं. लॉगिन झाल्यावर उजवीकडे सर्व्हरचे फोल्डर दिसतात ना, तिथे वर 'रिमोट साईट' पुढे नुसती एक तिरपी रेघ असेल तर तुम्ही सर्व्हरच्या माजघरात उभे आहात. जगाला दिसतो तो फक्त ओटा, आणि ओट्याचं नाव बहुतेक होस्टिंगवर 'पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएल' असतं, काही ठिकाणी 'एचटीडॉक्स' किंवा नुसतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'. त्या फोल्डरवर डबल क्लिक करून आधी आत जा आणि मग डावीकडचा, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरचा, माल ओढा.

ओढताना पण एक गंमत होते. पोरानं समजा घरी 'साईट' नावाच्या फोल्डरात पानं ठेवली, तर आतल्या फाईली सिलेक्ट करून ओढायच्या, तो फोल्डरच्या फोल्डर नाही ओढायचा, नाहीतर पानं एक खोली आत जातात आणि दारात जुनाच बोर्ड राहतो. असं झालंय का ते बघायला पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ आणि त्या फोल्डरचं नाव टाकून उघडून बघा, तुमचं पान दिसलं तर चोर सापडला.

मग येते पहिल्या पानाच्या नावाची भानगड. नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' हवं, सगळी अक्षरं स्मॉल. विंडोज फाईलचं शेपूट लपवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाईल वरून बरोबर दिसते आणि खरं तिचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' असतं. फाईलझिलात पूर्ण नाव दिसते, तिथे वाचा. आणि ते 'लवकरच येत आहोत' वालं पान पण आपोआप उगवत नाही, ती होस्टिंगवाल्यानं ठेवलेली फाईलच असते, कधी कधी 'इंडेक्स डॉट पीएचपी' नावाची. दोन्ही इंडेक्स शेजारी शेजारी असल्या तर आधी कोणती दाखवायची हे सर्व्हरच्या सेटिंगवर असते. तिचं नाव बदलून 'जुनी' वगैरे करा, पुसू नका.

आणि हो, ते 'दोनदा पुसून' वाचून माझ्या पोटात गोळाच आला. माजघरात तुमच्या ईमेलचा फोल्डर असतो, लॉगचे, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींचे, असतात, सिक्युरिटी सर्टिफिकेटचे असतात. फाईलझिलात डिलीट केलं की रिसायकल बिन नाही, गेलं म्हणजे गेलं. जे तुम्ही स्वतः चढवलं नाही त्याला हात लावू नका.

पान दिसायला लागलं की पुढचा फोन फोटोचा येणार हे मला आत्ताच माहीत आहे, म्हणून सांगूनच ठेवतो. कॅमेऱ्यातल्या फोटोच्या नावातलं शेवटचं 'जेपीजी' पुष्कळदा कॅपिटलमध्ये असते आणि पानात पोरानं स्मॉल लिहिलेलं असते. विंडोजला दोन्ही सारखेच, म्हणून लॅपटॉपवर फोटो झकास दिसतात. सर्व्हर असतो बहुतेक लिनक्सचा, त्याच्यासाठी ती दोन वेगळी नावं. सगळी नावं स्मॉल करा, मध्ये जागा सोडू नका, नाव देवनागरीत ठेवू नका. आणि मोबाईलमधला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच टाकू नका बा, रुंदी १२०० पिक्सेल करा, संत्रं तेवढंच केशरी दिसते. एवढं करूनही जुनंच दिसलं तर कंट्रोल आणि एफ-५ दाबा, ब्राउझर जुनं पान जपून ठेवते.

प्रश्न : मी मेहकरजवळ ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवते. आमच्या बचत गटाची पापड-मसाल्याची साईट आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर फाईलझिला लावलं की पासवर्ड घेते, वेलकम येते, आणि मग थांबून राहते, शेवटी 'डिरेक्टरी लिस्टिंग' मिळाली नाही म्हणते. कधी चालू झालंच तर अर्ध्यात लाईन जाते. सगळं पहिल्यापासून करावं लागते का?
— एक वाचक, बुलडाणा जिल्हा

उत्तर : ताई, पहिल्यापासून अजिबात नाही. पण आधी एक सवय लावून घ्या. फाईलझिलात वरच्या बाजूला जी पट्टी सरसर पळते ना, ती कोणीच वाचत नाही, सगळे खालची हिरवी रेघ बघत बसतात. सगळा खुलासा त्या वरच्या पट्टीत असतो. सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला तीन आकडी नंबर असतो आणि त्याचा पहिला आकडा महत्त्वाचा. २ म्हणजे झालं, ३ म्हणजे अजून काहीतरी पाहिजे, ४ म्हणजे आत्ता नाही नंतर या, ५ म्हणजे असं होणारच नाही, तुम्हीच काहीतरी बदला. ३३१ आलं की पासवर्ड मागून राहिला, २३० म्हणजे आत घेतलं, २२६ म्हणजे माल पोचला. ५३० म्हणजे लॉगिन चुकलं, तेव्हा बघा की पासवर्ड कॉपी करताना मागे एक रिकामी जागा तर आली नाही, आणि युजरनेममध्ये ॲटचं चिन्ह आणि डोमेनचं नाव पण लागते का. ५५० म्हणजे फाईल तिथे नाही नाहीतर परवानगी नाही, ५५२ म्हणजे जागा भरली. ४२१ बहुतेक तेव्हा येते जेव्हा तुम्ही एकाच वेळी फार कनेक्शन उघडता.

आता तुमचं थांबणं. फाईलझिला ज्या पद्धतीनं फाईली पाठवते ती एफटीपी. ती एका वाटेनं चालत नाही, तिला दोन वाटा लागतात. बाजार समितीत बोली ओट्यावर होते आणि वजन काट्यावर होते, तसं. बोलणं पोर्ट २१ वर, म्हणजे सर्व्हरच्या २१ नंबरच्या दारावर, होते, तिथपर्यंत तुमचं ठीक आहे, म्हणून वेलकम आलं. फोल्डरची यादी आणि फाईली मात्र दुसऱ्या वाटेनं येतात. ॲक्टिव्ह मोड असेल तर सर्व्हर उलटा तुमच्याकडे यायला बघतो, आणि मोबाईलचं नेटवर्क बाहेरच्या कोणाला सरळ आत येऊ देत नाही, मग तो दारातच राहतो आणि फाईलझिला वाट बघून बघून सोडून देते. पॅसिव्ह मोडमध्ये दुसऱ्या वेळी पण तुम्हीच सर्व्हरकडे जाता. फाईलझिलाच्या साईट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर सेटिंग्ज आहे, तिथे पॅसिव्ह करा. तरी नाही झालं तर होस्टिंगवाल्याला विचारा एसएफटीपी देता का, ती फाईली पाठवायची दुसरी, कुलूपबंद पद्धत. तिला एकच वाट लागते, पोर्ट २२, आणि मोबाईल नेटवर ते मला जास्त भरवशाचं वाटते.

लाईन जाण्याचं असं. खाली 'फेल्ड ट्रान्सफर्स' म्हणून टॅब आहे, त्यावर राईट क्लिक करून सगळ्या फाईली परत रांगेत लावता येतात, पोचलेल्या पुन्हा पाठवायची गरज नाही. फक्त जी फाईल जात असताना लाईन गेली तिचा भरवसा धरू नका, डावीकडचा आणि उजवीकडचा साईज ताडून बघा, कमी असेल तर ओव्हरराईट करा. एकदम किती फाईली पाठवायच्या तो आकडा सेटिंगमध्ये १ करून टाका, हॉटस्पॉटवर दहा फाईली एकदम सोडल्या तर सगळ्याच रखडतात.

आणि शेकडो बारक्या फाईली असतील तर मी फाईलझिला वापरतच नाही, खरं सांगतो. प्रत्येक फाईलसाठी ती दुसरी वाट नव्यानं उघडावी लागते, त्यातच वेळ जाते. सगळ्यांची एक झिप करा, होस्टिंगच्या पॅनलमध्ये फाईल मॅनेजर असते तिथून ती एकच फाईल चढवा आणि तिथेच एक्स्ट्रॅक्ट करा. पापडाचे ३०० फोटो सुटे पाठवायचे कशाला, एका पिशवीत भरून पाठवा.

प्रश्न : मुलगा म्हणतो एफटीपी जुनाट झालं, पासवर्ड चोरीला जातो. खरं आहे काय?
— निवृत्त शिक्षक, अचलपूर

उत्तर : सर, जुनं तर आहेच. १९७१ साली पहिला मसुदा निघाला आणि तो लिहिणारा आपलाच माणूस, अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचा, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो. त्या काळी नेटवर्कवर मोजके कॉम्प्युटर, चोराचा विचार कोण करेल, म्हणून साध्या एफटीपीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. मुलगा बरोबर बोलतो, पण त्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. साईट मॅनेजरमध्ये एन्क्रिप्शनच्या जागी 'टीएलएस लागतंच' असा पर्याय निवडा (टीएलएस म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) किंवा एसएफटीपी घ्या. पहिल्यांदा सर्टिफिकेट दाखवून विचारेल, नाव वाचून हो म्हणा.

माझ्या मते वाटेतल्या चोरापेक्षा घरातला जास्त वाईट. फाईलझिलात पासवर्ड सेव्ह केला आणि मास्टर पासवर्ड (सगळ्या सेव्ह केलेल्या पासवर्डांवरचं एकच कुलूप) लावला नाही तर तो तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये कोणालाही वाचता येईल असा पडून राहतो. दुकानातल्या चार जणांच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करूच नका. आणि सॉफ्टवेअर घ्यायचं ते फाईलझिलाच्या स्वतःच्या साईटवरून, कोणाच्या पेनड्राईव्हमधून नाही.

प्रश्न : आधी ब्राउझरमध्येच एफटीपीचा पत्ता टाकला की फोल्डर उघडत होते. आता काऊन नाही उघडत? आणि एकदा माझं लॅपटॉपमधलं नवीन पानच गायब होऊन जुनं आलं, हे कसं?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला लाज वाटते, कारण मी स्वतः हेच केलंय. रात्रीचे साडेबारा, तीन दिवस बसून एका पानाचा भावफलक बनवलेला, झोप येऊन राहिली होती, आणि मी उजवीकडची फाईल डावीकडे ओढली. फाईलझिलानं विचारलं, टार्गेट फाईल आधीच आहे, काय करू? दोन्हीचे साईज आणि तारखा समोर दाखवल्या होत्या बिचाऱ्यानं. मी एंटर मारला. सर्व्हरवरचं जुनं पान माझ्या नव्यावर येऊन बसलं, तीन दिवस पाण्यात. डावीकडे आपलं घर, उजवीकडे सर्व्हर, आणि त्या खिडकीत तारीख वाचल्याशिवाय ओके नाही. 'सोर्स नवीन असेल तरच' असा पर्याय पण आहे तिथे, तो निवडून ठेवा. आणि काम सुरू करायच्या आधी सर्व्हरवरचा अख्खा फोल्डर एकदा खाली उतरवून तारखेच्या नावानं ठेवा, मी आता दर वेळी ठेवतो.

प्रश्न : पान चढलं पण मराठी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसून राहिलं.
— एक विद्यार्थिनी, आर्वी

उत्तर : चौकोन-प्रश्नचिन्हं किंवा डोक्यावर तिरपी रेघ असलेली इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करा आणि पानाच्या डोक्यात, म्हणजे हेडच्या भागात, कॅरसेट यूटीएफ-८ ची ओळ टाका, म्हणजे ब्राउझरला अक्षरं कशी वाचायची ते कळते. पण साधीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वेडीवाकडी येत असतील तर मजकूर डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमधला आहे, तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला तसंच दिसणार. त्याला कन्व्हर्टर मिळतात, नाहीतर युनिकोडमध्ये पुन्हा टाईप कर बाई, दोन पानंच तर आहेत.