पुढच्या रांगेसाठी रात्रभर गाडी?

पत्र:

ताई,

माझी कॉलेजपासूनची एक मैत्रीण आहे. आमचे दोन लाडके बँड, एक माझा आणि एक तिचा, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून दोन्ही दोघींचे झालेले. यंदा दोघांचे शो लागोपाठ आहेत: शुक्रवारी रात्री माझ्या बँडचा, शनिवारी रात्री तिच्या बँडचा. मध्ये साडेतीनशे किलोमीटर. तिकिटं तिने काढली, पैसे घ्यायला तयार नाही. गाडी तिची आणि चालवणारही तीच. माझ्याकडे लायसन्स आहे, पण सवय मोडली आहे. ती म्हणते, शुक्रवारचा शो संपला की रात्रीच निघायचं आणि पहाटे पोचायचं, म्हणजे सकाळपासून रांगेत राहून स्टेजसमोरचा कठडा मिळेल. मला गर्दीत जीव घाबरा होतो. शिवाय गेल्या वर्षी एका शोनंतर दोन दिवस माझे कान वाजत होते. हे तिला मी सांगितलेलंच नाही. तिचं हे वर्ष फार वाईट गेलं. घटस्फोट झाला, घर सोडावं लागलं. या ट्रिपकडे ती डोळे लावून बसली आहे, म्हणून ती म्हणेल त्याला मी हो म्हणत आले. घरचे म्हणतात, चाळिशीला आलात, हे काय खूळ? मला जायचंय, पण जसजसा दिवस जवळ येतोय तसा पोटात गोळा येतो. काय करू?

— मागच्या रांगेतली

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

जा. आधी हे सांगते, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते वाचून तुला वाटेल की ताई नकोच म्हणते आहे. घरच्यांच्या ‘खूळ’ या शब्दाचं फार मनावर घेऊ नकोस. अमेरिकेतला ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ मध्ये सुरू झाला आणि १९९५ पर्यंत वाजत राहिला. त्याच्यामागे माणसं वर्षानुवर्षं गाड्या घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरली. रोज गाणी वेगळी, त्यामुळे कालचा कार्यक्रम आज पुन्हा मिळायचा नाही. त्यात विशीतले होते तसे पन्नाशीतलेही होते. आवडत्या माणसाबरोबर आवडतं संगीत समोर बसून ऐकायला वय आडवं येत नाही.

आता तुझ्या पोटातल्या गोळ्याकडे येते. तू चार-पाच काळज्या एकाच दमात लिहिल्या आहेत आणि त्या सगळ्या सारख्याच मोठ्या असल्यासारख्या लिहिल्या आहेत. तशा त्या नाहीत. कठडा, गर्दी, पैसे, या गोष्टींत इकडे-तिकडे करता येईल. रात्रीच्या गाडीबाबत तडजोडीला जागा नाही.

तो शुक्रवार नीट डोळ्यांसमोर आण. तुम्ही सकाळी सातला उठलेल्या. दिवसभर उत्साहाची धावपळ, मग उभ्याने दोन-अडीच तास गाणं, नाच, ओरडणं. शो अकराला संपला तरी गर्दीतून गाडीपर्यंत पोचायला आणि गाडी पार्किंगमधून बाहेर काढायला बारा सहज वाजतात. म्हणजे तुझी मैत्रीण स्टिअरिंगवर बसेल तेव्हा तिला जागं होऊन सतरा तास झालेले असतील आणि पुढे सहा तासांचा रस्ता बाकी असेल. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं यावरच्या संशोधनात दिसलं आहे. कितीतरी देशांत तेवढ्यावर गाडी चालवणं गुन्हा ठरतो. चोवीस तास झाले की हाच आकडा ०.१० टक्क्यांच्या आसपास जातो. तुमच्या बेतानुसार ती पहाटे सहाला, म्हणजे जवळपास त्याच अवस्थेत, दुसऱ्या शहराच्या वाहतुकीत शिरणार आहे.

त्यातही रात्री दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळातला सगळ्यात सुस्त काळ. दिवसा झोप काढलेल्यालाही तेव्हा जड जातं. ती म्हणेल, काच खाली करू, गाणी मोठ्याने लावू, मला झोप येतच नाही. शोनंतर अंगात जो जोम असतो त्यात तिला ते मनापासून खरं वाटेलही. पण वाऱ्याने आणि गाण्याने झोप हटत नाही, थोडा वेळ लपते. कॉफीचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तोही उतरतो. डुलकी लागते तेव्हा माणसाला ती लागल्याचं कळत नाही, हीच त्यातली भीती. शंभरच्या वेगाने चाललेली गाडी चार सेकंदांत एकशे दहा मीटर पुढे जाते. तेवढं अंतर कुणीच गाडी चालवत नसतं. आणि शेजारी बसून तू तिला जागं ठेवशील असं तुला वाटत असेल, तर तूही तितकीच थकलेली असशील हे विसरू नकोस.

म्हणून शुक्रवारी रात्री पहिल्याच शहरात मुक्काम करा. शोच्या जागेजवळची, रद्द करता येण्यासारखी एक खोली बघून ठेव आणि मगच तिला फोन कर. नुसतं ‘रात्री नको’ म्हटलंस तर तिच्या हातून बेत काढून घेतल्यासारखं होईल. खोली बघून झालेली असली की तुझ्याकडे तिला द्यायला काहीतरी असेल. आणि त्या खोलीचं भाडं आणि इंधन तुझ्याकडे. तिकिटांचे पैसे ती घेत नाही ना, मग तिला ते सुख घेऊ दे, तू बाकीचं उचल. तो प्रश्न इथेच संपला.

तिला कठडा हवा आहे, म्हणून तर तिला रात्रीच निघायचंय. हे तू नीट समजून घ्यायला हवंस, कारण उशिरा निघाल्याची किंमत तीच मोजणार आहे, आणि तीही तिच्या बँडच्या दिवशी. तेव्हा ती किंमत कमी करायला तू काय करू शकतेस? गाडी चालव. आजपासून शोपर्यंत जितके शनिवार-रविवार मिळतील तितके रस्त्यावर काढ. आधी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, मग गर्दीत, मग महामार्गावर. निदान एकदा तिच्याच गाडीवर हात साफ कर, कारण क्लच-ब्रेकचा अंदाज प्रत्येक गाडीत वेगळा असतो. गाडीच्या विम्यात दुसरा चालक चालतो का, हेही तिला आधीच बघायला सांग. मग शनिवारी सकाळी आठला निघा, पहिले दोन-अडीच तास तू चालव, तिला शेजारी हवी तर झोपू दे. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, उतरा, पाय मोकळे करा. तरी दुपारी तीनला तुम्ही दुसऱ्या शहरात असाल आणि चारला ती रांगेत. कठडा मिळेलच असं मी म्हणणार नाही. तिसरी-चौथी ओळ मिळेल. आयोजक लवकर आत सोडणारं महाग तिकीट विकत असतील तर तिच्यापुरतं बदलून मिळतं का ते विचार, फरक तू भर. एवढं करूनही थोडी हळहळ उरली, तर ती तिने सोसावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तू मात्र तिच्याबरोबर त्या चौथ्या ओळीत उभं राहण्याची गरज नाही. एका शोला गेलो म्हणजे खांद्याला खांदा लावूनच ऐकायचं, असा काही नियम आहे का? मैदानाच्या मध्यावर किंवा जरा मागे तुला एक कठड्यांनी वेढलेला चौकोन दिसेल, त्यात दिव्यांची बटणं असलेली मोठी टेबलं असतात. आवाजाचा मेळ जमवणारा इंजिनिअर तिथे बसतो. त्याच्या कानाला जे नीट वाटतं तेच तो सगळ्यांना देतो, म्हणून त्या चौकोनाच्या आसपास गायन, गिटार, ड्रम सगळं जागच्या जागी ऐकू येतं. अगदी स्टेजला चिकटून उभं राहिलं तर बेसचे मोठे स्पीकर पुढ्यातच असतात. तिथे घामाचा थेंबही दिसतो, पण गाण्यातले शब्द गढूळ होतात. तिला बघायला जायचंय आणि तुला ऐकायला, आणि दोघींना आपापली जागा आहे. शो संपल्यावर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा, एखादा खांब किंवा पाटी बघून. हजारो माणसं एकदम फोन लावतात तेव्हा नेटवर्क दगा देतं. शुक्रवारी, तुझ्या बँडला, ती मागे येऊन तुझ्याजवळ उभी राहिली तर छान. पण ते मागून घेऊ नकोस.

आता कानांचं. हे मी तुझ्या पत्रात शेवटी वाचलं असतं तरी पहिलं धरलं असतं. शोनंतर काही तास कान बंद झाल्यासारखे वाटणं किंवा हलकी शिट्टी वाजणं बऱ्याच जणांना होतं. दोन दिवस वाजत राहणं म्हणजे कानांनी दिलेला इशारा आहे. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज कानांना आठ तास सोसतो असं धरलं, तर पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते, आणि १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली ती सरासरी १०० डेसिबलची आहे, म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या शोमध्येही दोन तास उघड्या कानाने उभं राहणं तुझ्यासाठी जास्तच. ट्रिपच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवण तपासणी करून घे.

आणि इअरप्लग घे, दोघींसाठी. संगीतासाठी बनवलेले मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात, त्यामुळे गाणं गाण्यासारखंच ऐकू येतं. फोमचे स्वस्त असतात, पण त्यांनी वरचे सूर जास्त दबतात. तरी नसल्यापेक्षा कितीतरी बरे. फोमचा प्लग नुसता कानात खुपसायचा नसतो. बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, प्लग आत सरकव आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव. घरी दोन-तीनदा करून बघ, अंधारात धक्के खात शिकायची ती गोष्ट नाही. हे भित्र्यांचं काम वाटत असेल, तर कोल्डप्ले या बँडचा गायक क्रिस मार्टिन कान वाजण्याच्या त्रासाबद्दल स्वतः जाहीरपणे बोलला आहे, आणि तो प्लग वापरतो. शनिवारी दिवसभर गाडीत गाणी बंद किंवा अगदी हळू ठेवा. लागोपाठ दोन शो म्हणजे कानांना मध्ये विश्रांती लागणारच.

ती शांतता तुम्हाला उपयोगी पडेल असं मला वाटतं. तिचं वर्ष कसं गेलं ते तू दोन वाक्यांत लिहिलंस, पण मला त्यात सगळ्यात जास्त तेच टोचलं. गाडीत दोघी समोर बघत असतात, डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत, म्हणून अवघड गोष्टी तिथे आपसूक निघतात. तू विचारू नकोस. निघाल्या तर ऐक, नाही निघाल्या तर रस्ता बघ.

पण आधी तुझं बोलणं व्हायला हवं. मेसेज नको, फोन कर. ‘तुझं वर्ष वाईट गेलं म्हणून मी गप्प राहिले’ हे तिला चुकूनही ऐकवू नकोस. आपली कीव केली गेली हे कळलं की माणूस पार आतून दुखावतो. घटस्फोटानंतर तिच्याशी सगळेच जपून वागत असतील. सरळ बोलणारं एक माणूस तिला हवंच असेल. एवढंच म्हण: “मला तुझ्याबरोबर यायचंय, दोन्ही शोंना. रात्री गाडी चालवायची नाही, तू पण नाही. खोली मी बघितलीय. सकाळी पहिले दोन तास मी चालवते. आणि ऐक, गेल्या वर्षी माझे कान दोन दिवस वाजत होते, मी तुला बोलले नव्हते.” ती चिडली तर चिडू दे. लगेच माघार घेऊन ‘बरं, बघू’ म्हणू नकोस, नाहीतर शुक्रवारी रात्री बारा वाजता पार्किंगमध्ये हाच वाद पुन्हा घालावा लागेल, आणि तेव्हा तुझ्या अंगात तेवढं बळ नसेल. एक-दोन दिवस तिला विचार करू दे. तरीही ती एकटी रात्री निघते म्हणाली, तर ‘जा तुझी तू’ म्हणून मोकळी होऊ नकोस. तिला सांग की तिकिटं वाया गेली तरी चालतील, पण किल्ली मी देणार नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हा हट्ट करायचा हक्क तुला आहे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. दोन्ही तिकिटं तिच्या फोनमध्ये असतील. तुझं तिकीट आत्ताच तुझ्या फोनवर पाठवून घे, ऐनवेळी ते करता येईलच असं नाही. शनिवारी ती चारला रांगेत असेल, तू तिथल्या खोलीवर पडून सात वाजता निघशील, आणि दारात तुम्ही एकत्र नसाल.

तुझी,
ताई