ए-१० थंडरबोल्ट या अमेरिकी हल्ला विमानाचं ‘परदेशी’ (दुसऱ्या देशाच्या काल्पनिक रूपातलं) छोटं मॉडेल करायचंय; कोणतं हवाईदल पटेल?

पश्चिम जर्मनी घ्या, आणि काळ १९७९-८० चा. ए-१० अमेरिकेबाहेर कुणालाच विकलं गेलं नाही, पण ते बनवलंच होतं सोव्हिएत रणगाडे रोखायला, आणि ती लढाई जर्मन भूमीवर होणार असं गृहीत होतं. इंग्लंडमधल्या बेंटवॉटर्स हवाईतळावरची अमेरिकी ए-१० विमानं आळीपाळीने जर्मनीतल्या आल्हॉर्न तळावर येऊन राहत. तिथून जवळच ओल्डेनबुर्गला जर्मन हवाईदलाची ४३ वी विंग (लढाऊ विमानांचं पथक) होती. तिचंच विमान करा. रंग जर्मन स्टारफायटर (एफ-१०४) लढाऊ विमानाचे: वर बेसाल्ट करडा (आरएएल या जर्मन रंगयादीतला क्रमांक ७०१२) आणि पिवळट ऑलिव्ह (६०१४), खाली चंदेरी करडा (७००१). जर्मन हवाईदलाची खूण असलेला क्रॉस दोन्ही पंखांवर, वर आणि खालीही. अमेरिकी तारा वर फक्त डाव्या आणि खाली फक्त उजव्या पंखावर असतो, इथेच बहुतेकांची चूक होते. काळा-लाल-सोनेरी झेंडा दोन्ही शेपट्यांच्या बाहेरच्या अंगाला. क्रमांक दोन अंक, क्रॉस, दोन अंक असा लिहितात. पहिले दोन अंक ३७-३८ (एफ-४एफ) आणि ४०-४१ (अल्फा जेट) टाळा, ते या खऱ्या जर्मन विमानांचे आहेत. बॉम्ब ब्रिटिश बीएल७५५ (क्लस्टर बॉम्ब) लावा, ते जर्मनांकडे होतेच. तोफ मात्र मूळची ३० मिमीचीच ठेवा. अख्खं विमान तिच्याभोवती रचलंय, पुढचं चाकसुद्धा तिच्यासाठी उजवीकडे सरकवलंय. जर्मन २७ मिमी माउझर तोफ तिथे शोभणार नाही.

अडचण एकच: जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ल्याचं हे काम प्रत्यक्षात जर्मनांनी फ्रान्सबरोबर बनवलेल्या अल्फा जेटला दिलं होतं. त्यामुळे तो प्रकल्प फसला, असं तुमच्या कथेत आधी ठरवावं लागेल.