इलेक्ट्रिक बाईकची बॅटरी जास्त वर्षं कशी टिकवायची?

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गरमी, बाकीचं नंतर. लांब राईड मारून आलात की बॅटरी तापलेली असते, लगेच चार्जर खुपसू नका, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या मग लावा, आणि गाडी शक्यतो सावलीत उभी करा, कारण या गाड्यांतल्या लिथियम-आयन बॅटरीमधली केमिकल झीज तापमान वाढलं की भराभर होते. रोजच्या वापराला २० ते ८० टक्क्यांच्या मधे ठेवलं तर उत्तम, १०० टक्के लांब जायचं असेल तेव्हाच करा. पण थांबा, तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार) असेल तर तिला अधूनमधून फुल चार्ज लागतो, नाहीतर आतले सेल बॅलन्स होत नाहीत, म्हणजे सारखे चार्ज होत नाहीत, आणि मीटर चुकीचे टक्के दाखवतो, त्यामुळे मॅन्युअल एकदा बघाच (कोणी बघत नाही ते सोडा).

महिनाभर गाडी बंद ठेवणार असाल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर हळूहळू आणखी उतरते आणि मग कधीकधी चार्जच घेत नाही. शून्याखालच्या थंडीत चार्जिंग नकोच. फास्ट चार्जिंग गरजेपुरतं. आणि हो, टायरमधली हवा बघत जा, कमी हवेत मोटर जास्त करंट ओढते.