वाचकांचे प्रश्न : शेतातले काम आणि वाढते वय

प्रश्न : माझे सारे बालपण शेतात कामे करण्यात गेले. आज पन्नाशीतही मी दिवसभर उभा राहून काम करू शकतो आणि त्याचे श्रेय मी त्या कष्टांना देतो. माझी 11 आणि 9 वर्षांची मुले सुट्टीत माझ्या थोरल्या भावाच्या शेतावर जातात. त्यांनी तिथे काम करावे असे मला वाटते, तर माझ्या पत्नीला ती बालमजुरी वाटते. शेतीच्या कामाने मुले खरोखरच काटक होतात का?

उत्तर : होतात, मात्र आपण समजता त्याहून थोड्या वेगळ्या कारणाने. वयात येण्यापूर्वी कितीही कष्ट केले तरी मुलांचे स्नायू फारसे भरत नाहीत, कारण त्यासाठी लागणारी संप्रेरके तोवर शरीरात पुरेशी नसतात. तरीही ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या तयारीमुळे. एका वेळी अधिक स्नायुतंतू कामाला जुंपणे आणि पाय, कंबर व खांदा यांचा मेळ घालणे शरीराला हळूहळू जमू लागते. वासरासाठी पाण्याची बादली आणणारे मूल पहिल्या दिवशी एका अंगाला वाकून, अर्धे पाणी स्वतःच्याच पायांवर सांडत येते. दोन-तीन आठवड्यांनी तेच मूल मोकळा हात बाजूला पसरून, आखूड पावले टाकत, तीच बादली जवळजवळ भरलेली आणून ठेवते. दंडाचा घेर तेवढाच असतो, पण भार कसा पेलायचा हे अंगाला कळलेले असते.

हाडांच्या बाबतीत तर वयाला फार महत्त्व आहे. माणूस आयुष्यभरात हाडांची जी कमाल घनता मिळवतो, तिच्यातला सुमारे 90 टक्के वाटा विशीच्या आत जमा होतो, आणि चालणे, उड्या मारणे, ओढणे, उचलणे अशा भाराला हाडे पौगंडावस्थेच्या आसपास सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची तुलना करणाऱ्या 1995 मधील एका अभ्यासात हे स्पष्ट दिसले. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास ज्यांनी खेळायला सुरुवात केली, त्यांच्या दोन हातांच्या हाडांमधला फरक बऱ्याच वर्षांनी खेळू लागलेल्या स्त्रियांच्या मानाने किमान दुप्पट होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे श्रम सुचवले आहेत. शेतावरच्या एखाद्या सकाळीच मुले त्यातली दिवसाची हालचाल नकळत पुरी करतात. (गुराढोरांत वाढलेल्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण कमी आढळते, हेही खरे आहे, पण ते श्रेय कष्टांचे नसून बहुधा गोठ्यातल्या धुळीचे आणि तिच्यातल्या सूक्ष्म जीवांचे आहे.)

स्वभाव घडण्याचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे आणि तिथे मी आपल्याइतका निःशंक नाही. नुसत्या दमण्याने स्वभाव घडत असता तर जगातले सर्व थकलेले लोक धीरगंभीर झाले असते. शेतीत वेगळे असते ते असे, की केलेल्या चुकीचा परिणाम लपत नाही आणि तो कोणी रागावून सांगण्याचीही गरज पडत नाही. पीक दोन पानांवर असताना रोप आणि तण यांत फारसा फरक दिसत नाही. घाईघाईने खुरपणाऱ्या मुलाच्या हातून दोन-चार रोपे तणाबरोबर निघून जातात, तेव्हा ते इकडेतिकडे पाहून ती तणाच्या ढिगात दडवते. पण ओळीत पडलेली रिकामी जागा कापणीपर्यंत तशीच दिसत राहते. पुढच्या खेपेला तेच मूल पान बोटात धरून निरखते, शंका आली तर मोठ्यांना हाक मारते. एखादे वासरू त्याच्यावरच सोपवले असेल तर शिक्षण याहून खोल जाते, कारण कंटाळा आला म्हणून वासराची तहान थांबत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की दिवसभर निरनिराळी हलकी कामे सांगत राहण्यापेक्षा मुलांना एकच वाफा किंवा एकच जनावर पूर्णपणे द्या, आणि त्यांचे चुकलेले त्यांच्या पाठीमागे गुपचूप दुरुस्त करू नका.

आपल्या पत्नीची शंका मात्र बाजूला सारू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 13.8 कोटी बालमजूर होते आणि त्यांतले 61 टक्के शेतीच्या कामात होते. त्यांतली अनेक मुले घरच्याच शेतात राबतात, त्यामुळे ‘शेत आपलेच आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. काम करून मूल शाळेला आणि खेळाला मोकळे राहते का, आणि ‘आज नको’ असे ते निर्धास्तपणे म्हणू शकते का, हे दोघांनी मिळून तपासावे.

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा अंगापिंडाने मजबूत आहे. त्याला फवारणी आणि ट्रॅक्टरची हौस आहे. शिकू द्यावे का?

उत्तर : नाही. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते आणि ती श्वासही जास्त घेतात, त्यामुळे तेवढ्याच फवाऱ्यातून त्यांच्या शरीरात विषाचा मोठा वाटा जातो. ट्रॅक्टर उलटताना अंगातल्या ताकदीचा काही उपयोग होत नाही. त्याच्या मडगार्डवर बसवून फिरवणेही तितकेच धोक्याचे आहे. भरलेली पोतीसुद्धा त्याच्या पाठीवर देऊ नयेत, कारण या वयात लांब हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग अजून कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो आणि तिथली इजा हाडाची वाढ बिघडवू शकते. उभ्या, बंद ट्रॅक्टरचे इंजिन, तेल आणि चाके त्याला जरूर दाखवा. हौस त्यानेही बरीच भागते.

प्रश्न : लहानपणी वडिलांनी मला पहाटेपासून शेतात राबवले आणि त्यापायी माझी शाळा सुटली. आता सगळे म्हणतात, ‘म्हणूनच तू इतकी खंबीर झालीस.’ हे ऐकले की मला संताप येतो. माझे चुकते का?

उत्तर : आपला संताप मला रास्त वाटतो. बालपणीच्या कष्टांचे गोडवे गाणारे बहुतेक जण त्यातून सुखरूप बाहेर पडलेले असतात. ज्यांची पाठ कायमची धरली किंवा ज्यांचे शिक्षण तुटले, ते सहसा अशा आठवणी सांगायला बसत नाहीत. आपण खंबीर असाल, पण ते त्या पहाटांमुळे की त्यांना न जुमानता, हे बाहेरून कोणालाच ठरवता येणार नाही. वडिलांकडे दुसरा इलाज होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा आहे. इलाज नव्हता असे मानले तरी आपली शाळा सुटली हे खरेच राहते. पुढच्या वेळी कोणी ते वाक्य म्हणाले तर शाळेत आपल्याला कोणता विषय आवडत होता, तेवढे त्यांना सांगून पाहा.