जांभ्याची भोकं आणि हत्तीची रेघ

प्रश्न : ताई, मी राजापूर तालुक्यात शिक्षक आहे. मुलांना घेऊन कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचा, कातळशिल्पातला हत्ती पाहून आलो. मोबाइलवर काढलेले फोटो शाळेच्या प्रदर्शनासाठी 12 बाय 18 इंचांत छापायचे आहेत. रेघा पुसट वाटल्या म्हणून फोटोशॉपमध्ये अनशार्प मास्क लावला, तर जांभ्याची, म्हणजे तिथल्या लालसर दगडाची, सगळी भोकं अंगावर आली आणि हत्ती आणखीच हरवला. अमाउंट 200, रेडियस 1.5 ठेवला होता. योग्य आकडे कोणते?
– एक शिक्षक, राजापूर

उत्तर : सर, आकडे सांगते, पण आधी तुमच्या फोटोत काय झालंय ते बघू. मी तो शंभर टक्के झूमवर उघडला. सोंडेची कोरलेली रेघ साधारण 25 पिक्सेल रुंद भरते. तिच्या आजूबाजूची जांभ्याची भोकं चार-पाच पिक्सेलची आहेत. सगळं गणित या दोन मापांत आहे.

अनशार्प मास्क फोटोत नवा तपशील आणत नाही. तो फोटोची एक धूसर प्रत तयार करतो, ती मुळातून वजा करतो आणि उरलेला फरक मुळात पुन्हा मिळवतो. हा फरक कडांपाशी सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे कडेची गडद बाजू आणखी गडद होते, उजळ बाजू आणखी उजळ, आणि डोळ्याला ती कड धारदार वाटते. डार्करूममध्ये हे काम फिल्मवर व्हायचं: निगेटिव्हवरून किंचित धूसर पॉझिटिव्ह करायची, ती निगेटिव्हला जोडायची आणि दोन्हीतून मिळून प्रिंट काढायची. धूसरपणा किती ठेवायचा हे रेडियस ठरवतो, म्हणजेच केवढ्या मापाची गोष्ट उठून दिसणार हेही तोच ठरवतो. दीड पिक्सेलचा रेडियस भोकांच्या मापाचा आहे. त्याने भोकं उठवली, 25 पिक्सेलच्या रेघेला तो पुरेसा पोचलाच नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकापासून पुढे परिणाम लागू करायचा ती मर्यादा, वाढवूनही उपयोग नाही. भोकांचा काळेपणा रेघेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे आधी रेघच गळेल.

आता असं करा. मूळ लेअरची प्रत घ्या आणि प्रतीवर फिल्टर मेनूतल्या ‘अदर’मधला हाय पास लावा, रेडियस 20 च्या आसपास. सगळं राखाडी होईल आणि त्यात रेघा आणि भोकं दोन्ही उमटलेली दिसतील. मग याच राखाडी लेअरवर धूसर करणारा गॉसियन ब्लर लावा, रेडियस 4. भोकं राखाडीत विरून जातात, रेघ मात्र शाबूत राहते. लेअरचा रंग काढून टाका, नाहीतर लालसर दगडाच्या कडांना रंगीत किनार येते. शेवटी ब्लेंड मोड, म्हणजे लेअर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, ओव्हरले करा. ओव्हरलेमध्ये मधली राखाडी छटा खालच्या चित्राला हात लावत नाही, त्यामुळे फक्त रेघेच्या मापाचा उठाव वर येतो आणि भोकं होती तशीच राहतात. फार झालं तर ओपॅसिटी, म्हणजे लेअरचा ठळकपणा, उतरवा, कमी पडलं तर ओव्हरलेच्या जागी हार्ड लाइट करून पाहा. तुमच्या फोटोवर मी ओव्हरले 80 टक्क्यांवर थांबले. सोंड, पाठ आणि हत्तीच्या पोटात कोरलेल्या प्राण्यांपैकी दोन-तीन नीट दिसू लागले. शाळेत फोटोशॉप नसेल तर फुकटच्या गिंपमध्ये 2.10 पासून हाय पास आहे, कृती तीच.

लेअर मास्कबद्दल, म्हणजे लेअरचा कोणता भाग दाखवायचा आणि कोणता झाकायचा हे ठरवणाऱ्या पडद्याबद्दल, मात्र माझं ठाम मत आहे. गवत, आकाश, मुलांचे पाय यांवरून हा परिणाम मास्कने खुशाल पुसा. पण ब्रश घेऊन फक्त रेघांवर मास्क रंगवू नका. जिथे रेघ झिजली आहे तिथे ती कुठून गेली असेल हे आपण मनाने ठरवतो आणि ब्रश तीच वाट धरतो. मग फोटोत दिसते ती आपली समजूत, कातळावर ती नसतेही. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, लोक तुमचा फोटो पुरावा म्हणून पाहतील. सगळ्या दगडावर परिणाम सारखाच राहू द्या आणि मूळ फोटो न छेडता वेगळा जपा. रेघ दिसावी म्हणून कोणी खडू भरत असेल किंवा पाणी ओतत असेल तर मुलांसमोरच थांबवा.

खरं काम तर उन्हाचं आहे. तुमच्या फोटोत सावल्या पायाशी आहेत, म्हणजे भर दुपार. त्या उजेडात चरात सावलीच पडत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरक्या उन्हात रेघेची एक भिंत काळी आणि दुसरी उजळ होते, तेव्हा माझ्या या लेअरची निम्मी गरज संपते. पावसानंतर सड्यावरचं गवत वाळून बसलं की सगळ्यात बरं.

छपाईचं थोडक्यात. तुमचा फोटो 4000 पिक्सेलचा, 18 इंचांवर इंचाला 222 पिक्सेल पडतात. भिंतीवर लावून दोन हात लांबून पाहायला पुरेसे आहेत. लेअरसकट फाइल ठेवा, छापायच्या प्रतीचं माप आधी पक्कं करा आणि बारीक शार्पनिंग सगळ्यात शेवटी, त्या मापावर करा. कागदावर शाई थोडी पसरते, म्हणून पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकं चालतं.

प्रश्न : ताई, मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाल्यावर बांगडे निवडणाऱ्या माझ्या सासूबाईंचा फोटो काढला, मागे सिंधुदुर्ग किल्ला. शार्प केल्यावर जाळं आणि मासे छान आले, पण सासूबाई म्हणाल्या, “गो, माका म्हातारी कित्याक केलंस?” शिवाय किल्ल्याच्या तटाला पांढरी किनार आली आहे.
– एक वाचक, मालवण

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. जाळ्याच्या दोऱ्याला जे हवं ते गालाला नको असतं. शार्प केलेल्या लेअरला मास्क जोडा, तो पूर्ण काळा करा (मास्कवर काळं झाकतं, पांढरं दाखवतं) आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त जाळं, मासे, हातातल्या बांगड्या, डोळे आणि कुंकवाची कड एवढंच रंगवा. कपाळ, गाल, गळा काळ्याखालीच राहू द्या. माणसाच्या फोटोत पाहणारा आधी डोळ्यांकडे जातो. डोळे धारदार असले की सगळा चेहरा धारदार वाटतो.

आकाशावर मुळीच रंगवू नका, तिथे कड नसते, दाणे तेवढे वाढतात. तटाची पांढरी किनार म्हणजे उजळ आकाशाच्या बाजूने चढलेला जास्तीचा उजेड. शार्प केलेल्या लेअरच्या दोन प्रती करा, एकीचा मोड डार्कन आणि दुसरीचा लाइटन, आणि लाइटनची ओपॅसिटी 30 टक्क्यांवर आणा. दोन्ही एका ग्रुपमध्ये टाकून मास्क त्या ग्रुपलाच लावा. गडद बाजूची धार राहते, किनार जवळजवळ जाते.

आणखी एक. तुमच्या सगळ्याच फोटोंवर पातळ दुधी झाक आहे. किनाऱ्यावर तासभर फिरलं की मोबाइलच्या काचेवर खाऱ्या तुषारांचा थर बसतो. फोटो काढण्यापूर्वी काच किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा आणि मग कोरडी करा, नुसतं कोरडं घासलं तर मिठाचे कण काचेला चरे पाडतात. आणि मला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने तो दाबून लहान होतो आणि चौकटी-चौकटी पडतात, शार्प केल्यावर त्याच आधी दिसतात.

प्रश्न : आजीचा एकच फोटो आहे, तोही हललेला. शार्प होईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : हात हलल्याने एकाच दिशेला थोडा ओढला गेला असेल तर फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये ‘मोशन ब्लर’ निवडा, ओढ ज्या दिशेची आहे तो कोन द्या आणि रेडियस थोडा थोडा वाढवत पाहा. काही पिक्सेलपर्यंत फरक पडतो, त्यापुढे नाही. आपोआप चेहरा ‘सुधारणारी’ अॅप स्वच्छ फोटो देतात, पण त्यातल्या पापण्या, दात, सुरकुत्या अंदाजाने भरलेल्या असतात. तो चेहरा तुमच्या आजीचा राहीलच असं नाही. मी असा फोटो लहान, पोस्टकार्डाएवढाच छापते. छोट्या मापात हललेपणा बराच लपतो आणि चेहरा त्यांचाच राहतो.